एल्रॉयची जागा

डेल्फीन उलथन्यानं बाकावरचा बर्फ खरवडत होती. गाडीच्या काचेवरचा बर्फ काढायचं खरवडणं आदल्याच आठवड्यात थंडीनं मधोमध तडकलं होतं, म्हणून तिनं स्वयंपाकघरातलं उलथनं पिशवीत टाकून आणलं होतं. आधी तिनं स्वतःच्या जागेवरचा बर्फ काढला, मग उजवीकडच्या जागेवरचा. तिथे जरा जास्तच वेळ लावला. कडेकडेनं उलथनं फिरवलं, हातमोज्यानं पुसलं, आणि बाकाचा पत्रा घासलेल्या ताटासारखा दिसू लागल्यावर त्यावर नारिंगी उशी ठेवली. मग पिशवीतून पुठ्ठ्याचे दोन तुकडे निघाले. एक तिनं आपल्या पायांखाली सारला. दुसरा उशीच्या पुढ्यात अंथरला, जिथे कुणाचेच पाय येणार नव्हते.

"त्याला पुठ्ठा कशाला?" मागच्या रांगेतून बर्निसनं विचारलं.

"सिमेंट गार असतं, बर्निस."

"ते मला सांगतेस? माझे दोन अंगठे या सिमेंटानं खाल्लेत. मी म्हणते, एल्रॉयचे पाय आता आणखी काय गारठायचेत?"

डेल्फीननं उलथनं पिशवीत टाकलं आणि ती बसली.

बर्निस झोपायच्या पिशवीत गळ्यापर्यंत शिरून बसली होती. डिसेंबरातल्या फुटबॉलच्या सामन्यांना ती अशीच यायची. हात, पाय, धड सगळं आत, बाहेर फक्त तोंड, आणि तेवढं तिला पुरायचं. तिचे गुडघे वर्षानुवर्षं डेल्फीनच्या पाठीत रुतत आले होते आणि जीभ त्याहून आत. पण बाई मनानं वाईट नव्हती. एल्रॉयच्या मातीला आलेल्या सगळ्यांना पुरेल एवढा बूया, म्हणजे आमच्याकडचा दाट रस्सा, तिनंच केला होता, कोंबडी आणि बीफ घालून, हंड्यापाशी दिवसभर उभी राहून.

ती मातीही वेळेवर झाली नव्हती. एल्रॉय गेला जानेवारीत, आणि विस्कॉन्सिनच्या या टोकाला जानेवारीत माणसाला मरता येतं, पुरता येत नाही. जमीन अशी गोठते की कुदळ मारली तर कुदळच कळवळते. वॉल्टनं टोपी हातात घेऊन डेल्फीनला सांगितलं होतं, "एप्रिलाशिवाय नाही गं जमायचं." वॉल्ट आयुष्यभर गावच्या कबरी खणत आला होता, आणि या रांगेत तो डेल्फीनच्या डाव्या हाताला बसायचा, तेव्हा त्याचा शब्द शेवटचा. एल्रॉय एप्रिलपर्यंत थांबला. जिवंतपणी तो गेटवरच्या गर्दीत थांबायचा तसाच, बिनतक्रार.

मात्र मरण्याआधी, नव्या वर्षाच्या सुरुवातीलाच, त्यानं पुढच्या हंगामाची आपली जागा पक्की करून ठेवली होती. आणि इथेच सगळी गोम होती. आमच्या स्टेडियमचा नियम असा की एक नाव, एक जागा. माणूस गेला की त्याचा हंगाम संपेपर्यंत जागा त्याचीच राहते, मग ती जाते रक्ताच्या नात्याकडे. नातं नसलं तर वाट बघणाऱ्यांतल्या पहिल्याकडे. आणि वाट बघणारे इतके, की बाळाला बाप्तिस्म्याचं पाणी लागायच्या आधी आईबाप त्याचं नाव तिथे लावून येतात, आणि त्यातली बरीचशी बाळं वाट बघता बघता दात पडून मरतात. डेल्फीन आणि एल्रॉयला मूल नव्हतं. बायकोला रक्ताचं नातं कुणी मानत नाही.

म्हणजे डिसेंबरातल्या या शेवटच्या रविवारी, शेवटची शिट्टी होईस्तोवर, ती उशीएवढी जागा एल्रॉयची होती. शिट्टीनंतर या जगात त्याच्या नावाची जागा वॉल्टनं खणलेली तेवढीच. डेल्फीनला फार काही नको होतं. शिट्टीपर्यंत तिथे दुसरं कुणी बसू नये, बस.

ज्यानं डिसेंबरातला तो बाक पाहिला नाही त्याला हे सोपं वाटेल. या टोकापासून त्या टोकापर्यंत तो एकच सलग पत्रा. ना हात टेकायला जागा, ना पाठ टेकायला. त्यावर जागांचे आकडे ज्यानं कुणी रंगवले त्यानं ते काम जुलैत केलं असणार, अंगात बनियन घालून. सप्टेंबरात सगळे त्या आकड्यांत नीट मावतात. ऑक्टोबरात मांडीला मांडी लागते. आणि डिसेंबरात? दोन दोन लोकरीच्या विजारी, त्यावर स्वेटर, त्यावर हरणाच्या शिकारीचा नारिंगी सूट, त्यावर कांबळं. माणूस दीड माणसाएवढा होतो, बाक तेवढाच राहतो. एक जण म्हणे एवढे कपडे घालून आला होता की घरी गेल्यावर बायको एकेक काढत बसली, सगळे काढून झाले, आणि आत तो नव्हताच. त्याला बिचारी सकाळी घरीच विसरली होती. खरंखोटं देव जाणे. पण डिसेंबरात त्या रांगेचे दोन कायदे होते, ते मात्र खरे. पहिला, लवकर यायचं. दुसरा, एकदा बसलं की उठायचं नाही, कारण उठलेल्या माणसाची जागा पाण्यात बोट घालून काढल्यासारखी मिटते.

रोलंड आला तेव्हा रांग अर्धी भरली होती. तो गावच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलायची गाडी चालवायचा आणि अंगानंही जवळजवळ तिच्याएवढाच होता. तीस वर्षं तो एल्रॉयच्या उजव्या हाताला बसत आला होता. त्यानं उशी पाहिली, पुठ्ठा पाहिला. मग टोपीला हात लावला, आणि आपल्या आकड्यावर बसला. बोटभरही इकडे नाही.

"जिंकतील का रे आज?" डेल्फीननं विचारलं.

"बाई, नाणेफेक जिंकली तरी माझ्यातर्फे तुला जेवण."

नाणेफेक हरली.

"बघ," रोलंड म्हणाला. "पैसे वाचवायचे असतील तर जेवण या पोरांच्या जिंकण्यावरच कबूल करावं."

त्या हंगामात एकच सामना जिंकला होता, तोही समोरच्यांची बस बर्फात अडकून निम्मी टीम उशिरा पोचली म्हणून. लोक कारणं शोधून थकले होते. बर्निसचं म्हणणं असं, की पहिल्या थंडीत पाद्रीबाबांनी मैदानावर म्हटलेली प्रार्थना वर जाता जाता गोठली आणि धावफलकाच्या कडेला लोंबत राहिली. आता ती मार्चात गळेल, तेव्हा बेसबॉलवाल्यांचं भलं होईल.

सामना सुरू झाला आणि उजवीकडच्या टोकाकडून पहिली हाक आली.

"सरकाऽऽ!"

ही हाक रांगेच्या टोकाला जो अर्धा बाकावर अर्धा पायरीवर लटकत असतो तो देतो. मग प्रत्येक जण आपल्या डावीकडच्याला खांद्यानं रेटतो, आणि रेटा आगगाडीच्या डब्यांसारखा एकेकाला ठोकत पुढे येतो. आला, तो रोलंडवर येऊन थांबला.

"रोलंड, सरक की!"

"बूट चिकटलाय बर्फाला!"

थोड्या वेळानं पुन्हा हाक, पुन्हा रेटा.

"अरे सरक! तुझ्या डावीकडे अख्खा माणूस मावेल एवढं उघडं दिसतंय!"

"पाय झोपलाय! त्याला उठवू का तुझ्यासाठी?"

डेल्फीन समोर बघत होती. रोलंडनं दोन्ही हातांनी बाकाची कड धरली होती आणि टाचा सिमेंटाला लावून तो सगळ्या उजव्या बाजूचा भार पाठीवर घेऊन बसला होता. ती त्याला तसं कर म्हणाली नव्हती. डावीकडून तीही तेच करत होती. तिच्या बाजूला भार कमी होता. वॉल्ट आल्या आल्या तिच्या खांद्यावर मान टाकून झोपला होता, आणि झोपलेला माणूस हाक ऐकत नाही. पण कलत मात्र होता.

समोरच्यांनी चेंडू काखेत घेऊन रेषा ओलांडली. थोड्या वेळानं पुन्हा ओलांडली. आमची पोरं बाजूला होऊन त्यांना वाट देत होती, चर्चमध्ये म्हातारीला देतात तशी.

तिसऱ्या हाकेला रेटा जोराचा आला. रोलंडच्या घशातून आवाज निघाला.

"सरकतोस का नाही, लेका?"

"मेलोय मी!" रोलंड ओरडला. "मेलेला माणूस सरकत नसतो!"

रांगेत हसू पिकलं. ते उजवीकडे टोकापर्यंत गेलं, पण डावीकडे आलं नाही. रोलंडनं जीभ चावली. तो मैदानाकडे बघत राहिला, मग उशीकडे न बघता म्हणाला, "चुकलं."

"कशाला? खरंच आहे ते," डेल्फीन म्हणाली. "त्यालाही आवडलं असतं."

गेल्या डिसेंबरात याच सामन्याला एल्रॉय आला होता. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं, तेव्हा तो डॉक्टरांना म्हणाला, "घरी मेलो तर तुमचं काय राहणार?" अंगात जीव असा उरला नव्हता. पण एका बाजूनं डेल्फीन, दुसऱ्या बाजूनं रोलंड, आणि दोन्हीकडून सगळी रांग चेपून बसलेली. पडायचं म्हटलं असतं तरी त्याला पडता आलं नसतं. मध्यंतरानंतर त्याचा डोळा लागला. संपूर्ण रांगेनं त्याला ताठ बसवून ठेवलं होतं. सामना संपला, लोक एकेक करून उठायला लागले, तसतसा तो हळूहळू कलत गेला, आणि रोलंडनं त्याला उचलून गाडीपर्यंत नेलं होतं. शिकारीच्या सुटात, लाकडाच्या मोळीसारखं.

मध्यंतरात कुणी उठलं नाही. डेल्फीननं ब्रँडीची चपटी बाटली काढली, एक घोट घेतला आणि उजवीकडे हात लांबवला. हात पोचेना. चार बाह्यांच्या आत कोपर वाकत नव्हतं की सरळ होत नव्हतं. ते मधल्या मध्ये फांदीसारखं उभं राहिलं. शेवटी तिनं बाटली उशीवर ठेवली. रोलंडनं तिथून उचलली, प्याला, आणि परत उशीवर ठेवली.

"कसं वाटतंय?" तिनं विचारलं.

"भोकातून वारा येतोय जरा."

खरं तर तो 'जरा' नव्हता. खांद्याला खांदा लागून असला की डिसेंबरातली रांग म्हणजे एक लांबच लांब शेगडी असते. तिच्यात मध्येच खिंडार पडलं की गावाशेजारच्या सगळ्या आखाताचा वारा तेवढंच खिंडार शोधत येतो. बाकाखालून शिरायचा, उशीच्या कडेनं वर यायचा, आणि दोन्हीकडच्या दोघांना बरगड्यांपर्यंत कापत जायचा. डेल्फीनची उजवी बाजू कधीचीच तिची राहिली नव्हती. डावीकडून वॉल्ट भट्टीसारखा तापत होता, उजवीकडून ती थडग्याच्या दगडासारखी गार, आणि मधोमध कुठेतरी ती स्वतः.

"डेल्फीन," मागून बर्निस म्हणाली. या वेळी आवाज खाली होता. "झालं गं आता. कोण काय म्हणणार आहे तुला? सरक."

"शिट्टी झाली की."

"हवेसाठी जागा धरून बसलीयेस तू."

"हवेसाठी नाही."

"मग कशासाठी?"

डेल्फीननं उशीवर साचलेला भुरभुरता बर्फ हातमोज्यानं झटकला. तो पुन्हा साचायला लागला.

शेवटच्या भागात ऊन उतरलं. ऊन म्हणजे काय, पातळ ताकासारखा उजेड होता, तोही उतरला. फलकावर समोरच्यांच्या आकड्याला दुसरा आकडा जोडून झाला होता आणि आपला जिथल्या तिथे होता. वरच्या महागड्या, काचेच्या खोल्यांत बसणारे लोक कधीच गेले होते. बाकांवरचे बसून होते. का, ते कुणाला विचारू नये.

उजवीकडून हाका थांबल्या होत्या. डेल्फीनला आधी बरं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की बऱ्याच वेळात रोलंडनंही तोंड उघडलं नाहीये. एवढा वेळ ती मैदानाकडे बघत होती, नाहीतर उशीकडे. आता तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

त्याच्या डाव्या गालावर, डोळ्याखाली, पांढरा डाग होता. मेणबत्तीचं मेण सांडून थिजावं तसा. टोपीच्या कानपट्टीपासून नाकापर्यंत पोचायला त्याला थोडंच अंतर उरलं होतं.

आपला गाल आपल्याला दिसत नाही, आणि गोठायला लागला की कळतही नाही. उलट दुखायचा थांबतो, बरं वाटतं. म्हणून आमच्याकडे पोराला बूट बांधायच्याही आधी शिकवतात, की थंडीत शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं. पांढरं दिसलं की हातमोजा काढायचा आणि उघडा तळवा ठेवायचा. चोळायचं नाही, नुसता ठेवायचा, रक्त परतेपर्यंत. रोलंडचा डावा गाल तीस वर्षं एल्रॉयकडे होता. बोलता बोलता एल्रॉय मध्येच हातमोजा काढायचा, रोलंडच्या गालावर हात ठेवायचा आणि बोलणं पुढे चालू ठेवायचा. नव्या माणसाला वाटायचं, हे दोघे कोण.

तिनं उशी आणली होती, पुठ्ठा आणला होता. गालाचं तिला सुचलंच नव्हतं.

"रोलंड! गाल!"

"काय झालं गालाला? काही वाटत नाहीये."

"वाटत नाहीये म्हणूनच सांगतेय. हात लाव."

रोलंडनं बाकावरचा डावा हात सोडवायला घेतला. तो सुटेना. बोटं कडेभोवती वळली होती तशीच राहिली होती, एकेक बोट दुसऱ्या हातानं उलगडावं लागलं. हातमोजा काढून त्यानं तळव्याकडे पाहिलं, जणू कुणी तरी दुसऱ्याचा हात त्याच्या बाहीत ठेवून गेलं होतं.

"हा गालाहून गार आहे गं," तो म्हणाला.

"बर्निस, तू बघ!"

"माझी चेन गोठलीय!" बर्निस आतून धडपडत ओरडली. पिशवी नुसतीच हलली. "तूच बघ, लवकर!"

डेल्फीननं उजव्या हाताचा मोजा दातांनी ओढून काढला. हात पुढे केला. कोपर पुन्हा फांदीसारखं अडकलं. तिचा तळवा आणि त्याचा गाल यांच्यामध्ये बरोबर एक माणूस मावेल एवढं अंतर उरलं.

ती उठली नाही. बसल्या बसल्याच सरकली. आधी एक मांडी उशीवर आली, मग दुसरी. पाय दुसऱ्या पुठ्ठ्यावर पडले. तिनं रोलंडच्या गालावर हात ठेवला. मासा हातात घ्यावा तसा लागला तो गाल.

तिच्या डाव्या बाजूला कपड्यांची सरसर झाली. वॉल्ट झोपेतच कलत आला होता आणि तिच्यामागोमाग घरंगळला. त्याच्यामागोमाग सगळी डावी बाजू, कुणी कुणाला न सांगता, उतारावरच्या पाण्यासारखी. पार टोकाला कुणाला तरी सबंध बूड टेकायला मिळालं असावं, कारण तिकडून आनंदाची आरोळी आली. मैदानात तेव्हा आमच्या पोरांच्या हातून पुन्हा एकदा चेंडू निसटला होता.

डेल्फीननं मान वळवली. ती सकाळपासून जिथे बसली होती तिथे वॉल्ट घोरत होता. त्याच्यापलीकडे खांद्याला खांदा, टोपीला टोपी, कुठेही फट नाही. आपली जागा नेमकी कुठे होती हेही आता सांगता आलं नसतं.

"दुखायला लागलं," रोलंड म्हणाला.

"लागू दे."

"जाम दुखतंय गं." त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिच्या बोटांवर उतरलं. त्यानं पुन्हा बाकाला लावलेला दुसरा हातही सोडला आणि दोन्ही हात काखांत खुपसले. त्यासरशी उजव्या बाजूचा इतका वेळ अडवलेला भार एकदम आला, त्याला घेऊन तिच्यावर येऊन टेकला आणि स्थिर झाला.

"डेल्फीन, मी..."

"गप्प बस. गाल हलवू नकोस."

शिट्टी व्हायला अजून बराच अवकाश होता. पंच कसलीशी चर्चा करत उभे होते, आणि दोन्हीकडचे खेळाडू जागच्या जागी उड्या मारत होते. डेल्फीन दोन्ही खांद्यांमध्ये घट्ट बसली होती. आधी दंड सैल झाले. मग कुशीतली कळ ओसरली. मग पाठ, मग मांड्या, आणि वारा कुठे गेला ते कळलंसुद्धा नाही. गेल्या डिसेंबरात तुला इथे अशीच ऊब होती का रे, हे विचारायला ती सवयीनं उजवीकडे वळली.

तिथे रोलंड होता. डोळे मिटून, गाल तिच्या हातात देऊन.

तिनं मान पुन्हा समोर केली.

मागून बर्निसचे गुडघे हळूच पाठीला लागले. थोडे उजवीकडे लागायचे, ते आज बरोबर मधोमध लागले.

"आता तरी ऊब लागतेय का?" बर्निसनं विचारलं.

डेल्फीननं रोलंडच्या गालावरचा तळवा जरा सारखा केला.

"लागतेय," ती म्हणाली, चोरी कबूल करावी तशा आवाजात.